सहापदरी दोरा: पेझलीच्या गिरण्या कशा वाढल्या आणि का रिकाम्या झाल्या

जुन्या सुती रिळाचा हातभर दोरा तोडा, एक टोक चिमटीत धरा आणि पिळाच्या उलट दिशेने फिरवत राहा. दोरा उकलून त्याचे तीन पदर होतील. रीळ उत्तम प्रतीचं असेल तर त्यातला प्रत्येक पदर पुन्हा उकलतो आणि दोन होतात. एकूण सहा. सूत आणि दोरा यांत फरक आहे तो इथे. सूत हा एकपदरी धागा असतो, त्याचं कापड विणतात. अनेक सुतं ठरावीक ताणाने आणि ठरावीक पिळाने एकत्र आवळली की दोरा होतो, त्याने कापड शिवतात. सूतगिरणी बऱ्याच गावांत चालली. दोऱ्याची गिरणी चालवणं मात्र थोड्यांना जमलं, आणि त्यात स्कॉटलंडमधल्या पेझली गावाइतकं कोणालाच नाही.

ग्लासगोच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर, व्हाइट कार्ट नदीच्या काठी पेझली वसलं आहे. नाव अगदीच अनोळखी नाही. पैठणीवरच्या कुयरीला इंग्रजीत ‘पेझली’ म्हणतात, कारण काश्मिरी शालींची नक्कल एकोणिसाव्या शतकात इथले विणकर घाऊक प्रमाणात करत होते. कुयरी आपली, नाव त्यांचं! शालींची फॅशन 1870च्या आसपास ओसरली, पण तोवर गावाचं पोट दोऱ्यावर भरू लागलं होतं.

दोरा वळण्याची विद्या तिथे आधीपासून होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारगॅरन गढीच्या क्रिस्टियन शॉ या बाईंनी हॉलंडच्या धर्तीवर जवसाच्या झाडाच्या तंतूंचा बारीक शिवणदोरा काढायला सुरुवात केली आणि तो धंदा आसपासच्या गावांत पसरला. कापसाचा दोरा मात्र आला तो नेपोलियनमुळे. 1806 साली त्याने ब्रिटनशी होणारा युरोपचा व्यापार बंद करायचा हुकूम काढला आणि रेशीम मिळेनासं झालं. मागावरच्या वहीला, म्हणजे ताण्याचे धागे आळीपाळीने वर-खाली उचलणाऱ्या फासांना, तेव्हा रेशमी दोरा लागे. तो गुळगुळीत असावा लागतो, नाहीतर ताण्याचे धागे खरवडून तुटतात. पॅट्रिक क्लार्क यांनी कापसाची तलम सुतं एकत्र पिळून रेशमाइतका गुळगुळीत आणि चिवट दोरा करून पाहिला. जो दोरा मागावर दिवसभर घासला जाऊन टिकतो, तो सुईत का टिकणार नाही, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. 1812च्या सुमारास सीडहिल भागात क्लार्क कुटुंबाचा शिवणदोऱ्याचा कारखाना उभा राहिला. त्याचाच पुढे ‘अँकर मिल्स’ हा पसारा झाला.

सुरुवातीला दोरा लडीत विकला जाई आणि गिऱ्हाईक घरी नेऊन तो गुंडाळे. जेम्स क्लार्क यांनी दुकानातच लाकडी रिळावर दोरा गुंडाळून द्यायला सुरुवात केली. रिळाचा अर्धा पेनी वेगळा घ्यायचा आणि रिकामं रीळ परत आणलं की तो परत द्यायचा. सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट घेतात तसंच हे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, फर्गस्लीमध्ये, जेम्स कोट्स यांनी 1826 साली गिरणी बांधली. हे मूळचे विणकर. चार वर्षांत ते निवृत्त झाले आणि जेम्स व पीटर या मुलांच्या नावाने ‘जे. अँड पी. कोट्स’ ही पेढी सुरू झाली. एकाच गावात पूर्वेला क्लार्क, पश्चिमेला कोट्स, दोघांचा माल एकच आणि दोघांचंही मोठं गिऱ्हाईक अमेरिका. पुढची सत्तर वर्षं ही चढाओढ चालली.

आता दोरा कसा होतो ते पाहू, कारण गिरणीचं वाढणं आणि मरणं दोन्ही त्यातच दडलं आहे.

पहिली अट कापसाच्या तंतूची. दोऱ्याला लांब धाग्याचा कापूस लागतो, 35 मिलिमीटर किंवा त्याहून लांब. पेझलीत मुख्यतः इजिप्तचा आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरचा ‘सी आयलंड’ कापूस येई. आपला जुना वऱ्हाडी कापूस वीस-बावीस मिलिमीटरचा. जाड्याभरड्या कापडाला तो उत्तम, दोऱ्याला निरुपयोगी. आखूड तंतूंची टोकं जास्त, टोकं जास्त म्हणजे लव जास्त, आणि लव असलेला दोरा सुईत अडतो. लांब कापसातही आखूड तंतू मिसळलेले असतातच, म्हणून पिंजून झाल्यावर तो विंचरावा लागतो. यंत्राच्या बारीक दातांच्या फण्या आखूड तंतू काढून टाकतात आणि त्यात पंधरा-वीस टक्के माल बाजूला पडतो. सरळ झालेल्या पेळूचं, म्हणजे कापसाच्या सैल वातीचं, मग तलम सूत निघतं.

किती तलम, ते सुताच्या ‘नंबर’वरून कळतं. 840 यार्डांची एक लड धरायची. एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. 40 नंबर म्हणजे पौंडात 40 लडी, 33,600 यार्ड. 80 नंबर म्हणजे 67,200 यार्ड. अर्धा किलोसुद्धा नसलेल्या कापसातून साधारण 61 किलोमीटर धागा! नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे उलटं गणित नवख्याला हमखास चकवतं.

रिळावरच्या नंबराची एक गंमत आहे. आधी तीनपदरी दोरा असे. 40 नंबराची तीन सुतं पिळली की तो 40 नंबरचा दोरा. सहापदरी दोरा आल्यावर जाडी तीच ठेवायची तर प्रत्येक सूत निम्म्या वजनाचं हवं, म्हणजे 80 नंबरची सहा सुतं. गिऱ्हाइकाचा गोंधळ नको म्हणून रिळावर 40च छापत राहिले.

ही सहा सुतं एकदम पिळून चालत नाहीत. आधी दोन-दोन सुतांच्या जोड्या पिळायच्या, मग तीन जोड्या उलट दिशेने एकत्र पिळायच्या. शेवटचा पीळ उलटा दिल्याने आतले पीळ थोडे सैल होतात, सगळे एकमेकांना अडवून धरतात आणि दोरा शांत बसतो. तपासायचं असेल तर अर्धा मीटर दोरा घेऊन दोन्ही टोकं जवळ आणा. खाली लोंबणारा फास स्वतःभोवती गरगर फिरून वेटोळी करू लागला तर पीळ बिघडला आहे. असा दोरा यंत्रात आळे पाडतो आणि सुईच्या तोंडाशी गाठतो.

पिळाची शेवटची दिशाही ठरलेली असते. दोरा उभा धरल्यावर पिळाच्या रेघा खाली डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसल्या पाहिजेत. नेहमीच्या शिलाई यंत्राची हालचाल अशी असते की या दिशेचा पीळ टाक्यागणिक आवळला जातो आणि उलट दिशेचा उकलत जातो. उकललेला दोरा नेढ्यात पिंजारतो. कारागीर यंत्राला शिव्या देतो, दोष असतो रिळाचा.

पिळताना दोन चुका नेहमी होतात. एक, सहातलं एखादं सूत तुटतं आणि दोरा पाच पदरांवर पुढे जातो. डोळ्यांना ते दिसत नाही, शिवण उसवते तेव्हा कळतं. म्हणून दोऱ्याच्या साच्यांवर प्रत्येक सुतावर एक हलकी तार टेकवलेली असते. सूत तुटलं की तार खाली पडते आणि ती चाती, म्हणजे पीळ देणारा फिरता दांडा, थांबते. दुसरी चूक ताणाची. एका पदराला ताण जास्त पडला तर तो मधे सरळ राहतो आणि बाकीचे त्याच्याभोवती वेलीसारखे वेढे घेतात. दोरा जाड दिसतो, पण ओढल्यावर सगळा भार त्या एका सरळ पदरावर येतो. तो तुटतो, मागोमाग बाकीचे. पिळण्याआधी सूत पाण्याच्या पन्हळीतून नेण्याची पद्धत त्यासाठीही उपयोगी. ओले तंतू दबतात आणि घट्ट बसतात. सुतातल्या गाठी आणि जाड ठिगळं त्याआधीच काढून टाकलेली असतात. बारीक फटीतून सूत नेलं की जाड भाग अडकतो आणि तुटतो.

मग लव जाळायची. दोरा गॅसच्या ज्योतीतून वेगाने नेतात. वेग कमी पडला तर दोरा करपून कमजोर होतो, जास्त झाला तर लव तशीच राहते. त्यानंतर सोड्यात उकळून मेण-मळ काढणं, पांढरं करणं, रंगवणं. काही दोऱ्यांना खळ आणि मेण लावून ब्रशाखाली चकाकी आणतात, चामड्याला आणि बटणांना तो बरा. भरतकामाच्या दोऱ्याची चकाकी वेगळी, ती कॉस्टिक सोड्याची. ताणलेला दोरा दाट कॉस्टिकमध्ये बुडवला की चपटा, मुरडलेला तंतू फुगून गोल होतो आणि त्यावर उजेड रेशमासारखा पडतो. जॉन मर्सर यांनी कॉस्टिकचा परिणाम 1850मध्ये नोंदवला होता, पण ताण दिल्याशिवाय चकाकी येत नाही हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे होरेस लो यांना उमगलं. अँकरची आठ मीटरची, सहा सुट्या पदरांची लडी आपल्याकडे घरोघरी भरतकामाच्या डब्यात असते. ती याच प्रक्रियेतली आणि नावाने याच गिरणीची नातलग.

या सगळ्याला मऊ आणि भरपूर पाणी लागतं, ते नदीने दिलं. कोरड्या हवेत कापसाचे तंतू ताठरतात, उडतात आणि सूत तुटतं. पश्चिम स्कॉटलंडची सदा ओली हवा त्यासाठी आयती होती.

गिरण्यांना खरी भरती आली ती शिलाई यंत्राने. एलियस हाउ यांचं पेटंट 1846चं, सिंगर यांचं 1851चं. हाताने शिवताना दोरा नेढ्यात एका जागी अडकलेला असतो. यंत्रात तसं नाही. प्रत्येक टाक्याला शटलभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीभोवती, फिरवण्यासाठी सुमारे दहा सेंटिमीटर दोरा खाली ओढला जातो आणि जवळजवळ सगळा परत वर येतो. टाक्यात जिरतो तो दोन-अडीच मिलिमीटर. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक बिंदू शिवणीत बसण्याआधी चाळीसेक वेळा नेढ्यातून ये-जा करतो. खळ लावलेला तीनपदरी दोरा इथे सोलून निघे. जॉर्ज क्लार्क यांनी अमेरिकेत, न्यूअर्क शहरात, मऊ सहापदरी दोरा बाजारात आणला आणि त्यावर ‘ओ.एन.टी.’ अशी अक्षरं छापली, अर्थ ‘आमचा नवा दोरा’. कोट्सनाही सहापदरी दोऱ्याकडे वळावं लागलं. पुढे 1885 साली सिंगर कंपनीने क्लाइड नदीच्या पलीकडे, क्लाइडबँकला, आपला अवाढव्य कारखाना उघडला. यंत्र नदीच्या एका काठाला, दोरा दुसऱ्या काठाला.

आता पैशाचं गणित. 40 नंबरच्या 200 यार्डांच्या रिळावर कापूस किती? सहा सुतं गुणिले 200 म्हणजे 1,200 यार्ड, भागिले 67,200. वजन आठ-नऊ ग्रॅम. कपड्याच्या किमतीत दोऱ्याचा वाटा नगण्य असतो, पण तो तुटला तर अख्खा कपडा वाया. त्यामुळे शिंपी दोन पैसे वाचवायला अनोळखी रीळ घेत नाही. ज्याच्यावर विश्वास त्याचंच नाव मागतो. अशा धंद्यात छाप हीच मालमत्ता ठरते आणि मोठा अधिक मोठा होत जातो. माझ्या मते पेझलीच्या मक्तेदारीचं मूळ यंत्रांपेक्षा या आठ ग्रॅमांत जास्त आहे.

कोट्स आणि क्लार्क यांनी हे ओळखून 1889 साली विक्रीसाठी एक सामाईक मंडळी काढली. भाव पाडून एकमेकांना मारायचं थांबलं. 1890मध्ये कोट्स मर्यादित कंपनी झाली आणि 1896मध्ये क्लार्क, मेल्टमचे जोनस ब्रुक आणि बोल्टनचे जेम्स चॅडविक या तिघांनाही तिने पोटात घेतलं. उरलेल्या इंग्लिश गिरण्यांनी 1897 साली आपली वेगळी एकजूट केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोट्स ही जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक होती आणि पेझलीच्या दोन्ही पसाऱ्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं काम करत. त्यात बहुसंख्य बायका आणि मुली. फर्गस्लीत 1887 साली बांधलेली एक शाळा ‘अर्धवेळ’ मुलांची होती. दिवसाचा अर्धा वेळ फळा, अर्धा वेळ साचा. गावाची वेधशाळा, वस्तुसंग्रहालय, मोठं चर्च कोट्स घराण्याच्या पैशातून, तर टाउन हॉल जॉर्ज क्लार्क यांनी ठेवलेल्या पैशातून झाला. शाळेच्या घंटेपासून चर्चच्या घंटेपर्यंत सगळं दोऱ्यावर चालत होतं असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

उतरण मात्र वैभवाच्या काळातच सुरू झाली होती, आणि ती कंपनीनेच सुरू केली. 1861नंतर अमेरिकेने आयात मालावर जबर जकात बसवली. पेझलीचा दोरा तिथे महाग पडू लागला. उपाय एकच, जकातीच्या भिंतीआड गिरणी काढायची. क्लार्क न्यूअर्कला गेले. कोट्स यांनी पॉटकेट गावात 1869च्या सुमारास तिथले दोऱ्याचे गिरणीवाले हेझेकाया कोनंट यांच्याशी भागीदारी केली. मग हीच रीत झाली. ओटो फिलिप्पी हे कोट्सच्या विक्रीचे सूत्रधार. त्यांच्या काळात रशिया, ऑस्ट्रिया, स्पेन, ब्राझील अशा देशोदेशी गिरण्या निघाल्या किंवा स्थानिक गिरण्यांत हिस्से घेतले गेले. नफा पेझलीत येत राहिला, पण काम गावाबाहेर जायला लागलं. त्यात 1917च्या क्रांतीनंतर रशियातल्या गिरण्या सरकारजमा झाल्या आणि मोठी बाजारपेठ एका झटक्यात गेली.

नंतरचे घाव एकावर एक पडले. तयार कपडे आले तसं घरचं शिवण कमी झालं. 200 यार्डांचं रीळ घरच्या शिवणासाठी. कारखान्याला हजारो मीटरचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं मोठं रीळ, लागतो, आणि कोनवाला गिऱ्हाईक छापापेक्षा भावाची घासाघीस जास्त करतो. मग पॉलिएस्टर आलं. त्याचा शोध 1941 साली मँचेस्टरच्या सुती कापड छापणाऱ्यांच्या संस्थेच्या प्रयोगशाळेतच लागला, व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांकडून. कापसाच्या घरात कापसाचा वैरी जन्मला! तेवढ्याच जाडीचा पॉलिएस्टर दोरा सुतीपेक्षा दीडपट किंवा अधिक ताण सोसतो, आटत नाही, कुजत नाही. लांब धाग्याचा महाग कापूस, विंचरणं, सहा पदर, गॅसची ज्योत यांपैकी बहुतेक गोष्टींची गरजच उरली नाही.

पॉलिएस्टरची एक खोड आहे. मिनिटाला चार-पाच हजार टाके मारणाऱ्या यंत्राची सुई 250-300 अंशांपर्यंत तापते आणि पॉलिएस्टर 260च्या आसपास वितळतं. यंत्र पळत असताना दोरा पुढे सरकत राहतो म्हणून वाचतो. कारागिराने पाय उचलला की थांबलेला दोरा तापल्या नेढ्यात चिकटून तुटतो. यावर तोडगा निघाला तो आत पॉलिएस्टरचा गाभा आणि वर कापसाचं वेष्टण. कापूस वितळत नाही, तो गाभ्याला वाचवतो. पेझलीचा राजा अशा रीतीने दुसऱ्याच्या अंगावरची चादर झाला. तुमच्या रिळात काय आहे हे काडीने पाहता येतं. सुती दोरा कागदासारखा जळून राखाडी भुकटी राहते, पॉलिएस्टर आक्रसून काळा कडक मणी होतो, आणि गाभ्याचा दोरा असेल तर राख आणि मणी दोन्ही.

शेवटचा घाव सर्वांत मोठा होता. शिलाईचे कारखाने आशियात गेले. कारखान्याला दोरा आज हवा असतो, कापडाच्या नेमक्या छटेत हवा असतो आणि एकाच रंगाईचा हवा असतो. दोन रंगायांतला बारीकसा फरक पाठीवरच्या शिवणीत उठून दिसतो. म्हणून दोरा शेवटी जिथे सुई चालते त्याच्या शेजारीच रंगवावा आणि गुंडाळावा लागतो. सिंगर शेजारी होतं तेव्हा हा नियम पेझलीच्या बाजूने होता. क्लाइडबँकचा कारखाना 1980 साली बंद झाला.

पाच-पाच मजली इमारतींनीही अडचणच केली. वाफेच्या एका इंजिनावरून सगळे मजले फिरवायचे तेव्हा उंच बांधणं शहाणपणाचं होतं. विजेच्या मोटारी आल्यावर एका मजल्यावर पसरलेली शेड स्वस्त पडते, माल वर-खाली न्यावा लागत नाही. फर्गस्लीचा व्यवहार 1980च्या दशकात गुंडाळला गेला. 1986 साली कंपनी ‘कोट्स व्हियेला’ झाली आणि 1993मध्ये अँकर मिल्सही थांबली.

दोऱ्याची कंपनी मात्र बुडाली नाही. हार्वे या स्कॉटिश बंधूंनी 1880च्या दशकात तमिळनाडूत पापनाशमच्या धबधब्यावर सूतगिरणी काढली होती, पुढे तुतिकोरिन आणि मदुराईलाही. त्यांच्या मदुरा मिल्सची 1974 साली कोट्सशी गाठ पडून ‘मदुरा कोट्स’ झाली, आणि आजही शिलाईचा दोरा हाच तिचा धंदा आहे. पेझलीत नदीकाठी 1886ची ‘डोमेस्टिक फिनिशिंग मिल’ उभी आहे. घरगुती रिळं तिथे गुंडाळून, चिठ्ठ्या चिकटवून डब्यांत भरली जात. आता तिच्यात घरं आणि कचेऱ्या आहेत.